राबाच्या उतारावर

माझ्या वडिलांनी माझ्या कामाविषयी मला आयुष्यात एकच प्रश्न विचारला, आणि त्याचे मी खोटे उत्तर दिले. ते उत्तर मी इतकी वर्षे लपवून ठेवले आहे की आता ते सांगायला बसलो असताना माझा स्वतःचाच आवाज मला परका वाटतो. मी जंगलाचा अभ्यासक आहे. रोपे कुठे उगवतात, का उगवतात आणि का मरतात याचा शोध घेण्याबद्दल मला पगार मिळाला, मान मिळाला, शाली मिळाल्या. या सगळ्याच्या मुळाशी माझ्या तरुणपणातला एक निष्कर्ष आहे, आणि तो चुकीचा आहे हे तो छापून येण्याच्या आधीच मला कळले होते. चूक कोणाच्याही हातून होते. मला ती दिसली आणि मी गप्प बसलो, हा माझा अपराध. लोक मला मृदू स्वभावाचा म्हणतात, कारण मी कधी आवाज चढवत नाही. पण हे प्रकरण लिहिताना मला राग येतो आहे आणि तो मी आवरणार नाही. त्यातला मोठा वाटा माझ्यावरच आहे. सगळा मात्र नाही.

आमचे घर जव्हारला, बाजारापासून जरा आत. पुढच्या पडवीत वडिलांची भट्टी आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही. वडील कोयते आणि विळे करीत. ट्रकच्या कमानीचे जुने पाटे ते विकत घेत, तापवून तोडत, ठोकून वाकवत, आणि शेवटी पोलादाला पाणी देत. त्या वेळी पाण्यातून जो एक दीर्घ चरचराट उठे, तो ऐकून कोयता कसा उतरला हे अम्मी स्वयंपाकघरातून सांगत असे, आणि वडील तिला म्हणत की तूच बस इथे, मी भाकऱ्या करतो. माझे लहानपण त्या आवाजांत गेले. भात्याचा श्वास, घणाचा एक जड आणि हातोड्याचे दोन हलके ठोके. मी अभ्यास करीत असलो की मला ते ठोके ऐकू येत नसत. ते थांबले की मात्र मी मान वर करून पाही.

कोयत्याचा हंगाम थंडीत सुरू होई. पोशेऱ्यापासून सूर्यमाळपर्यंतच्या पाड्यांवरची माणसे बाजाराला येत आणि आमच्या पडवीत टेकत. ती माणसे वडिलांना चाचा म्हणत. येताना कोणी नागलीचे पीठ आणी, कोणी वाळवलेली मोहाची फुले, कोणी फडक्यात बांधलेले वाल. अम्मी ते वाल गोश्तात घाली आणि तांदळाच्या पातळ भाकऱ्या करी, आणि त्या दिवशी रस्सा इतका दाट होई की वडील बोट फिरवून ताट स्वच्छ करीत. या गिऱ्हाइकांत सूर्यमाळच्या एका पाड्यावरचा देवजी हा वडिलांचा मित्रच होता. उंच, काटक, कमरेला लाकडी आकडी आणि तिच्यात अडकवलेला वडिलांच्या हातचा कोयता. त्या कोयत्याला तो नावे ठेवी. मागचा बरा होता, हा जरा बोलका आहे, फांदीला लागला की गावभर सांगतो. वडील म्हणत, मग बहिऱ्या फांद्या तोड. दोघे हसत आणि चहा मागवत.

मी शिकत गेलो. घरात पुढे शिकलेला मी पहिलाच. वनस्पतिशास्त्र घेतले, कारण त्यात मला गुण मिळत, आणि पुढे संशोधनाला लागलो, कारण शिष्यवृत्ती मिळाली. माझ्या मार्गदर्शकांनी विषय सुचवला: राबासाठी होणारी फांद्यांची तोड आणि जंगलाचे पुनरुज्जीवन. जव्हार-मोखाड्याच्या बाहेर राहणाऱ्यांसाठी राब म्हणजे काय ते सांगायला हवे. डोंगरउतारावरच्या जमिनीत भाताची आणि नागलीची रोपे नुसती टाकून उगवत नाहीत. तण त्यांना गिळते. म्हणून थंडीत ऐनासारख्या झाडांच्या फांद्या तोडायच्या, रोपे टाकायच्या जागी शेण, फांद्या, पालापाचोळा आणि वर माती असे थर रचायचे, आणि उन्हाळ्यात ते पेटवायचे. तणाचे बी जळते, राख राहते आणि त्या राखेत पेरलेले रोप जोमाने वर येते. देवजीच्या पाड्यामागे असा एक उतार होता. त्यावरचे प्रत्येक झाड कोणत्या घराचे हे ठरलेले असे. दुसऱ्याच्या झाडाला कोणी हात लावत नसे, आणि आपल्याही झाडाच्या शेंड्याला कोयता लावत नसे. बाजूच्या फांद्या घ्यायच्या, शेंडा राखायचा आणि पुढच्या वर्षी त्या झाडाला विसावा द्यायचा. या तोडीमुळे झाडे खुरटी दिसत, विद्रूप दिसत. परगावच्या माणसाला तो उतार पाहून वाईटच वाटावे.

मार्गदर्शकांना तो पाहण्याआधीच वाईट वाटत होते. कोयता आणि जंगल एकत्र नांदत नाहीत, असे ते मला पहिल्याच भेटीत म्हणाले. मी कोयते करणाऱ्याचा मुलगा आहे हे त्यांना माहीत नव्हते, आणि मी ते सांगितले नाही. आज मला वाटते की माझे गप्प बसणे त्या खोलीत सुरू झाले.

मी देवजीच्या घरी राहायला गेलो. कारवीच्या कुडाचे, शेणाने लिंपलेले घर. एका बाजूला गुरे, दुसऱ्या बाजूला चूल, मधे मी आणि माझी वह्यांची पेटी. देवजीची बायको सोनीमावशी पहाटे जात्यावर नागली दळी, आणि त्या घरघरीत मला पुन्हा झोप लागे. उन्हाळ्यात मात्र जात्याच्या आधी हंड्यांचा आवाज येई. बायका अंधारात खालच्या झऱ्यावर जात, कारण उशिरा गेले की तळाचा चिखल हाती येई. त्या पाण्यातला पहिला पेला ती मला देई. मी शहरात शिकून आलेला होतो, पेला घेताना माझ्या मनात ते पाणी गाळलेले आहे का हा विचार येई, आणि हे लिहिताना तोही विचार मला लपवता येत नाही. नागलीची भाकर, उडदाची पातळ आमटी, सुक्या बोंबलाची चटणी, कधी वरईचा भात. मी मुसलमानाचा मुलगा, ते हिंदू. पण ताटाला ताट लावून बसताना तो प्रश्न त्या घरात कोणी काढला नाही. काढला तो एकदा थट्टेतच. देवजी म्हणाला की चाचाचा पोरगा आमच्यात राहून आमच्यासारखा बारीक झाला, आता चाची माझ्या नावाने बोटे मोडणार.

माझी कामाची पद्धत साधी होती. जंगलात चौरस आखायचा, कोपऱ्यांत खुंट्या ठोकून दोरी बांधायची आणि आतले प्रत्येक रोप मोजायचे. मी पहिली दोरी बांधली तेव्हा लाकडाची मोळी घेऊन जाणाऱ्या बायका थांबल्या. सोनीमावशीने विचारले, “झाडां पळून जातील म्हणून बांधलीस काय?” त्यानंतर मी पाड्यावर झाडे बांधणारा म्हणूनच ओळखला जाऊ लागलो.

दोन प्रकारच्या जागांची तुलना करायची होती. एक, राखीव ठेवलेले बंद रान, जिथे तोडीला मनाई होती. दुसरा, पाड्यामागचा राबाचा उतार. बंद रानातली मोजणी मी श्रावण सरता सरता केली. चिखलात गुडघे रुतवून मी रोपे मोजली आणि ती भरपूर निघाली. उताराची मोजणी त्याच पंधरवड्यात व्हायची होती. पण मला कावीळ झाली. देवजीने मला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आणले, एसटीत माझ्या शेजारी बसून जव्हारला पोचवले आणि माझ्या तोंडात कडू पाला कोंबत राहिला. मी बराच काळ अंथरुणात होतो. बरा होऊन परतलो तो ऐन उन्हाळ्यात. मार्गदर्शकांना पावसाळ्याच्या आधी आकडे हवे होते, त्यांचा एक प्रस्ताव त्यांवर अडला होता. मी वैशाखाच्या उन्हात उतारावर दोऱ्या बांधल्या आणि मोजायला बसलो. मोजायला काहीच नव्हते. तापलेली माती, वाळकी पाने आणि खुरटी मोठी झाडे; नवे रोप एकही नाही. मी तसे लिहिले. राबासाठी तोडलेल्या उतारावर नवी झाडे उगवत नाहीत, या वाक्याने मी प्रकरण संपवले आणि पाठवून दिले. मार्गदर्शकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. इतका स्वच्छ निष्कर्ष त्यांनी वर्षानुवर्षांत पाहिला नव्हता, असे ते म्हणाले. तो त्यांना हवा तसाच होता, हे मात्र त्यांनी म्हटले नाही.

इथपर्यंतच्या माझ्या वागण्याला अज्ञान म्हणता येईल. एक जागा पावसाळ्यात मोजायची आणि दुसरी उन्हाळ्यात, आणि मग दोन्हींची तुलना करायची, हा शाळकरी अडाणीपणा होता. पण अडाणीपणा क्षम्य असतो.

पाऊस लागून काही आठवडे झाल्यावर मी माझी पेटी आणायला सूर्यमाळला गेलो. योगायोगाने त्या दिवशी पाड्यावर कोळीची भाजी होती. पावसाने जंगलात जी पहिली कोवळी पात वर येते तिला कोळी म्हणतात. ती उगवली म्हणून कोणी आपली आपण खुडून खात नाही. पाडा मिळून दिवस ठरवतो, देवाला दाखवली जाते आणि मगच साऱ्या घरांत एकाच दिवशी शिजते. सकाळी भाजी खुडायला सगळे उताराकडे निघाले. मीही गेलो. इतर पुढे गेले आणि मी माझ्या जुन्या खुंट्या उपटायला मागे थांबलो.

दोरीच्या आत रोपे होती. मी आधी एक पाहिले, मग त्याच्या शेजारचे, आणि मग पाय कुठे ठेवावा हे मला कळेना. ऐनाची, धावड्याची, तिवसाची. बोटभर, वीतभर, लालसर कोवळ्या पानांची. मी खाली बसून एकाच्या बुडाशी माती उकरली. आत मनगटाएवढे मूळ होते, वर्षानुवर्षे जगलेले, आणि त्याच्या माथ्यावर मागच्या अनेक उन्हाळ्यांत वाळून गेलेल्या काड्यांचे वण होते. तेव्हा मला सगळे एकदम समजले. ही रोपे उन्हाळ्यात वरून मरतात आणि मातीखाली जिवंत राहतात. पाऊस आला की पुन्हा फुटतात, आणि मूळ पुरेसे जाड झाले की एका वर्षी त्यांची काडी उन्हाळ्यालाही पुरून उरते. वैशाखात मी ज्याला मेलेला उतार म्हटले होते, त्याच्या पोटात अख्खे जंगल वाट पाहत होते. पाड्याने ते तोडून संपवले नव्हते. शेंडे राखून, वणवा अडवून, त्यांनी ते सांभाळले होते.

मी माती पुन्हा सारखी केली. हे मला विशेष आठवते. उकरलेली माती मी हातांनी दाबून सारखी केली, जणू तिथे कोणी बसलेच नव्हते.

दुपारी सोनीमावशीने भाजी वाढली. मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसलो होतो. तिने विचारले, “रशीद, भाजी कां खात नाय? कडू लागली काय?” मी म्हणालो, नाही, चांगली आहे. मला अजूनही मार्गदर्शकांना एक पत्र लिहिता आले असते. सर, माझी मोजणी चुकली, उतार पुन्हा पावसाळ्यात मोजायला हवा, एवढेच. पदवी एक वर्ष लांबली असती. शिष्यवृत्ती संपत आली होती, मार्गदर्शकांचा प्रस्ताव माझ्या आकड्यांवर उभा होता, मला परदेशातल्या एका शिबिराला पाठवायचे घाटत होते. या कारणांपैकी एकही कारण आज मला माणसाच्या तोंडी शोभणारे वाटत नाही. संध्याकाळच्या गाडीने मी पेटी घेऊन निघालो. देवजीने पेटी डोक्यावर घेऊन ती रस्त्यापर्यंत आणून दिली.

माझे वाक्य छापून आले. पुढच्या थंडीत त्या उतारावर तोडीला बंदी झाली. कोणत्या कार्यालयातून कागद निघाला आणि कोणी सही केली याची नावे मला इथे घ्यायची नाहीत. ती माणसे माझ्यापेक्षा कमी दोषी होती, कारण त्यांनी निदान माझ्यावर विश्वास ठेवला होता. पण जे झाले ते सांगितलेच पाहिजे. माणसे आली आणि त्यांनी पाड्यावरचे कोयते गोळा करून नेले. माझ्या वडिलांनी ठोकलेले कोयते. आणि त्याच थंडीत पलीकडच्या अंगाला कूप, म्हणजे सरकारी तोडीचा पट्टा, पाडला गेला, मोठाली झाडे बुंध्यापासून कापून ट्रकमध्ये भरली गेली, आणि ते कायदेशीर होते, शास्त्रीय होते, त्याला आराखडा होता. फांदी तोडणारा गुन्हेगार आणि खोड तोडणारा व्यवस्थापक. आमच्या शास्त्रात पाड्यावरच्या माणसांसाठी एक शब्द रूढ होता: जैविक दबाव. मीही तो वापरला होता. मला पाठीवर घेऊन डोंगर उतरलेला देवजी हा जैविक दबाव होता. अंधारात झऱ्यावर जाऊन मला पहिला पेला देणारी सोनीमावशी हा जैविक दबाव होता. ज्यांनी तो शब्द घडवला त्यांनी कधी कोणाच्या घरचे पाणी प्यायले होते की नाही, मला ठाऊक नाही. मी प्यायलो होतो, आणि तरीही लिहिला.

देवजी जव्हारला आला तेव्हा मी घरीच होतो, मागच्या खोलीत, परदेशी जाण्याच्या तयारीत. त्याचा आवाज मला पडवीतून ऐकू आला. त्याने वडिलांना सांगितले की कोयता गेला, नवा दे, पण राबासाठी नको, आता घरच्या कामापुरता लहानसा दे. मग तो म्हणाला की साहेब सांगत होता, तुझ्याच पोराने लिहून दिले आहे. भाता थांबला. देवजीच घाईघाईने, मला पोसा म्हणजे पोरगा म्हणत, पुढे बोलला: “पण चाचा, तू मनात घेव नको. पोसा खोटा नाय. त्यानी पाहला तां लिवला.”

मी बाहेर गेलो नाही. दाराच्या आड उभा राहिलो.

तो गेल्यावर वडील आत आले. हात पुसत, दाराच्या चौकटीला टेकून, त्यांनी मला तो एकच प्रश्न विचारला. ते घरात हिंदीत बोलत, पण हा प्रश्न त्यांनी मराठीत विचारला, जसे ते गिऱ्हाइकाशी बोलत. “तू लिहिलंस ते खरं आहे ना?”

मी म्हणालो, “हो.”

त्यांनी मान हलवली. यानंतर पाड्यांवरून येणारा कोणीही या विषयावर काही बोलला तर ते शांतपणे सांगत की मुलगा शिकलेला आहे, खोटे लिहिणार नाही. लोक त्यांच्या शब्दाला मान देत. माझे खोटे त्यांनी स्वतःच्या नावावर चालवले. ते गेले तेव्हा सूर्यमाळहून माणसे पायी आली होती, आणि देवजी कबरस्तानाच्या फाटकापाशी टोपी हातात धरून उभा होता. मी त्याला मिठी मारली. तीही मिठी मी त्याच्याकडून फसवून घेतली, असेच आज म्हणावे लागेल.

राब बंद झाल्यावर त्या घरांचे काय झाले, ते मी टप्प्याटप्प्याने ऐकत गेलो. काही वर्षे लोकांनी पेंढा जाळून पाहिला, चोरून फांद्या आणून पाहिल्या, दंड भरला. रोपे पिवळी पडत, तण माजे. दिवाळीनंतर घरे बंद करून भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जाणे आधी एखाद्या घरापुरते होते, ते आता साऱ्या पाड्याचे झाले. ज्या वयात नातवंडांना गुरांमागे पाठवून ओट्यावर बसायचे, त्या वयात देवजी वीटभट्टीवर गेला. आणि त्या उताराचे म्हणाल, तर ज्या झाडांना मालक होते ती मी बेवारस केली. आपले म्हणून वणवा विझवायला जाणारे कोणी उरले नाही, आपले म्हणून चोराला हटकणारे कोणी उरले नाही. उतार खरोखरच उघडा पडला. माझा निष्कर्ष अखेर खरा ठरला, आणि त्याला मीच खरे केले. हे वाक्य मी आजवर कोणत्याही व्यासपीठावर उच्चारलेले नाही.

मी पुढे दूरच्या डोंगरांत काम केले. सूर्यमाळला गेलो नाही, देवजी वारला तेव्हाही गेलो नाही. पण माझे वाक्य माझ्यामागून येत राहिले. लोक ते उद्धृत करीत, त्यावरून दुसरे लोक उद्धृत करीत, ते अभ्यासक्रमात गेले, आराखड्यांत गेले. गालिचे अंथरलेल्या सभागृहांत मी ते पडद्यावर पाहिले आहे, माझ्या नावासह. इतक्या विद्वानांपैकी एकानेही मला कधी विचारले नाही की उताराची मोजणी कोणत्या महिन्यात केली. मला या गोष्टीचा संताप येतो. विचारले असते तर मी पकडला गेलो असतो. पण विचारायचे कशाला? गरीब माणूस जंगल खातो हे त्यांना आधीच माहीत होते, आणि माझ्या वाक्याने त्यांना फक्त एक आधार दिला. माझ्या खोट्याला इतक्या सुशिक्षितांनी इतक्या प्रेमाने थारा दिला की ते खोटे आहे हे मला एकट्यालाच लक्षात ठेवावे लागे. कधी कधी मीही विसरत असे, हे सर्वांत भयंकर.

मागच्या थंडीत मला त्या पाड्याच्या ग्रामसभेचे बोलावणे आले. आता कायद्याने जंगलावरचा सामूहिक हक्क पाड्याला मिळाला आहे, आणि ते जंगल कसे राखायचे याचा आराखडा पाड्याने स्वतः करायचा आहे. त्यात तरुणांनी एक कलम घातले होते: पाड्याने पुन्हा वणवा अडवायला घेतल्यापासून जुन्या उतारावर नव्याने आलेल्या झाडांची घरटी वाटणी करून, शेंडा राखून, राबासाठी तोड पुन्हा सुरू करायची. या कलमावर जाणकाराचे मत हवे होते, आणि जाणकार म्हणून कोणीतरी माझे नाव सुचवले. जायचे नाही, असे मी ठरवले होते. तरीही गेलो. का, ते नीट सांगता येत नाही. वय झाले की पळण्याचा कंटाळा येतो, एवढेच म्हणतो.

सभा शाळेच्या पटांगणात होती. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या, मधे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही पाहुणे. पुढच्याच रांगेत, काठी मांडीवर आडवी घेऊन सोनीमावशी बसली होती. फार म्हातारी झाली होती, पण मी तिला ओळखले, आणि तिने मला. हात वर करून तिने माझ्याकडे बोटे हलवली, जशी लहान मुलाकडे पाहून हलवतात. मी खुर्चीतून नमस्कार केला. उठून जवळ गेलो नाही.

तालुक्याहून एक तरुण अधिकारी बाई आल्या होत्या. माझ्या मुलीच्या वयाच्या, मेहनती, लोकांबद्दल मनापासून आस्था असलेल्या. त्यांनी प्रत्येक कलम वाचून त्यावर समजुतीने चर्चा केली. राबाच्या कलमापाशी आल्यावर त्या म्हणाल्या की याला मंजुरी मिळणे अवघड आहे, कारण याच उताराचा शास्त्रीय अभ्यास झालेला आहे. मग त्यांनी हातातल्या कागदावरून माझे वाक्य वाचले. राबासाठी तोडलेल्या उतारावर नवी झाडे उगवत नाहीत. आणि आदराने माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, “ज्यांनी हा अभ्यास केला ते सर आपल्यात बसलेले आहेत.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मागून एक तरुण उठला. तो देवजीचा नातू असल्याचे शेजारच्याने मला सांगितले. त्याच्या आवाजात राग होता, आणि तो रास्त होता. तो म्हणाला, “सर, आमच्याच आज्याच्या घरी जेवलात ना तुम्ही? मग हे काय लिहिलंत? आमची घरं भट्टीवर गेली ती या कागदापायी.” काही म्हाताऱ्यांनी त्याला खाली बसवायचा प्रयत्न केला. पाहुण्याशी असे बोलू नये. तो बसला नाही.

मी उठलो. आणि मला लाज वाटते सांगायला, उठल्यावर माझ्या तोंडून जी पहिली वाक्ये आली ती तीच होती, जी आम्ही असल्या वेळी बोलतो. त्या काळातील पद्धतींना मर्यादा होत्या, या विषयाचे अनेक पैलू आहेत, अधिक अभ्यासाची आवश्यकता आहे. अधिकारी बाई मान डोलावू लागल्या. तेवढेच बोलून मी थांबलो असतो तर कलम बाजूला ठेवले गेले असते, अभ्यास होईपर्यंत म्हणून, आणि मी चहा घेऊन परतलो असतो.

तेवढ्यात सोनीमावशी नातवावर ओरडली. तिचा आवाज चिरका झाला होता, पण पटांगणभर गेला. “गप रे. त्याला नको बोलू. तवा पोसा होता तो, त्याला काय कळत होतां?”

लोक हसले. तणाव निवळला. नातूही मान खाली घालून बसला. माझ्यासाठी दार उघडे झाले होते; मला फक्त हसून खाली बसायचे होते. वडिलांनी माझी बाजू घेतली होती, देवजीने घेतली होती, आणि आता हीसुद्धा. तिघांनीही मला निर्दोष ठरवले होते, आणि तिघांचाही पुरावा एकच होता: त्यांचा माझ्यावरचा विश्वास. मी पटांगणातल्या मातीत उतरलो, तिच्यासमोर जाऊन बसलो. सभेत बोलताना माणसे उभी राहतात. मला उभे राहवेना. ध्वनिक्षेपक कोणीतरी माझ्या हातात दिला होता, तो मी तोंडाशी धरला, कारण हे तिला एकटीला सांगून भागणार नव्हते.

“मावशी, मला कळत होतं. उन्हाळ्यात मोजलं तेव्हा कळत नव्हतं. पण पाऊस पडल्यावर मी परत आलो होतो. कोळीची भाजी होती त्या दिवशी. त्या उतारावर मी रोपं पाहिली, सगळीकडे होती. माती उकरून त्यांची मुळंही पाहिली. तुमच्या कोयत्याने जंगल मरत नव्हतं. हे मला त्याच दिवशी समजलं, आणि मी कोणालाच सांगितलं नाही. माझी पदवी लांबेल म्हणून. तुझ्या हातची भाजी खाल्ली आणि गप्प निघून गेलो. बाईसाहेब, तुम्ही वाचलेलं वाक्य खोटं आहे. ते माझं आहे, म्हणून मीच सांगतो, ते तुमच्या कागदातून काढा. कुठे काय लिहून द्यायचं ते मी आज इथेच बसून लिहून देतो. मावशी, देवजीकाका म्हणाला होता, पोरगा खोटा नाही. मी खोटा होतो. त्याच्याशी खोटा वागलो, तुझ्याशी वागलो, या सगळ्या पाड्याशी वागलो. माझं चुकलं. मला माफ करा.”